प्रस्तावना : विनंती, शिफारस आणि हक्क

वकिलीची सनद हातात पडून जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हाची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, झेरॉक्सच्या दुकानात बसून मी मानवी हक्कांचा माझा पहिला अर्ज लिहिला. समोर पन्नाशीच्या एक मावशी होत्या. त्यांच्या मुलाला चौकशीसाठी म्हणून ठाण्यात नेलं, दोन दिवस बसवून ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी सोडलं तेव्हा त्याचा डावा हात मोडलेला होता. ठाण्याच्या डायरीत त्याला आणल्याची नोंदच नव्हती. हात मोडल्याचा पुरावा काय तो खाकी पाकिटातला एक्स-रे. दुकानदाराच्या संगणकावर अर्जाचा नमुना तयारच असायचा आणि त्याची सुरुवात ठरलेली : ‘विषय : न्याय मिळणेबाबत विनंती अर्ज.’ मी ती ओळ वाचून दाखवली तेव्हा मावशी म्हणाल्या, “ताई, विनंती कशाला? हात मोडलाय माझ्या लेकराचा.” त्यांचं बरोबर होतं. तरीही मी तो शब्द काढला नाही. असा अर्ज आवक-जावकच्या खिडकीवर घेतील की नाही, अशी धास्ती मला वाटली होती.

पाच महिन्यांनी मानवी हक्क आयोगाकडून उत्तर आलं. अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित पोलीस कार्यालयाकडे पाठवला असून प्रकरण निकाली काढण्यात येत आहे, असं त्यात लिहिलं होतं. आठवडाभरात त्याच ठाण्याचा हवालदार टाइप केलेला जबाब घेऊन मावशींच्या दारात उभा राहिला. जबाबाचं शेवटचं वाक्य होतं : माझी आता कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. मावशींनी अंगठा दिला नाही. पण अंगठा देणारे किती असतील, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

या ग्रंथाची प्रस्तावना लिहिताना मी त्या अर्जापासून सुरुवात केली, कारण या विषयाचं सगळं दुखणं त्या दोन कागदांत आहे. आपल्याकडे मानवी हक्कांची तक्रार आत जाते ती विनंती होऊन. संस्थेने मनापासून काम केलं, चौकशी झाली, दोष सिद्ध झाला, तर बाहेर येते ती शिफारस. एका टोकाला विनंती, दुसऱ्या टोकाला शिफारस, आणि दोन्हींच्या मधे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे तो हक्क. त्याला हक्काची वागणूक या वाटेवर कुठेच मिळत नाही. तक्रारनिवारणाच्या सुधारणेचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा.

अर्जविनंतीची ही परंपरा जुनी आहे. महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली विनंतीपत्र लिहिलं. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांपर्यंत अर्ज नेला. त्या अर्जांतली भाषा नम्र आहे, मागणी मात्र माणूस म्हणून बरोबरीची आहे. परक्या सरकारापुढे विनंतीवाचून दुसरा रस्ता नव्हता. स्वतंत्र देशात तो रस्ता बदलला पाहिजे, हे डॉ. आंबेडकरांनी ओळखलं. ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत आज कलम ३२ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीवर बोलताना ते म्हणाले, की सर्वांत महत्त्वाचं कलम कोणतं असं विचारलं तर आपण हेच दाखवू. या कलमात संविधानाचा आत्मा आहे. समतेचं कलम होतं, स्वातंत्र्याचंही होतं. त्यांनी बोट ठेवलं ते हक्क मोडल्यावर दाद मागण्याच्या हक्कावर. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारा शब्द जाऊन ‘सर्व माणसं’ आली, ती भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. एका दिवसाच्या अंतराने झालेल्या या दोन घटना एकमेकींना पूरक आहेत. पॅरिसने हक्कांची यादी दिली, आणि यादीतला हक्क मोडला तर जायचं कुठे याचं उत्तर दिल्लीत दिलं गेलं होतं.

त्या उत्तराला खरा अर्थ यायला मात्र तीसएक वर्षं लागली, आणि त्यासाठी आधी एक मोठा पराभव पचवावा लागला. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळा गुन्हा मानलं गेलं. देसाईगंजच्या त्या मुलीला न्याय मिळाला नाही, पण तिच्या तक्रारीने पुढच्या तक्रारदारांची वाट रुंद केली.

त्याच काळात आणीबाणीचा धडा ताजा होता. १९७६ मध्ये जयप्रकाश नारायण आणि सासवडचे न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांच्या पुढाकाराने नागरी स्वातंत्र्याची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. सत्यशोधन समिती, स्थळभेट, साक्षीदारांचे जबाब आणि छापील अहवाल, ही चळवळीची कार्यपद्धती या पिढीने घडवली. न्यायालयंही बदलत होती. निर्दोष सुटूनही चौदा वर्षं तुरुंगात राहिलेल्या बिहारच्या रुदुल शाहला १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाई दिली. ओरिसातल्या एका आईने मुलाच्या कोठडीतल्या मृत्यूबद्दल १९८८ मध्ये न्यायालयाला पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली. १९९३ च्या निलाबती बेहेरा निकालात दीड लाख रुपयांची भरपाई देताना न्यायालयाने स्पष्ट केलं, की मूलभूत हक्क मोडणाऱ्या सरकारला सार्वभौम सत्तेच्या आडोशाला उभं राहता येणार नाही. १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात अटकेचे नियम आले : अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी, साक्षीदाराच्या सहीचा पंचनामा, नातेवाइकांना खबर, वैद्यकीय तपासणी. आज ठाण्याच्या भिंतीवर लागलेला फलक त्या निकालातून आला.

आयोगाचा जन्म या पार्श्वभूमीवर झाला. २८ सप्टेंबर १९९३ ला वटहुकूम निघाला, १२ ऑक्टोबरला राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला, आणि न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र त्याचे पहिले अध्यक्ष झाले. महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाचं काम २००१ मध्ये मुंबईत सुरू झालं. गोव्याचा आयोग त्यानंतर दहा वर्षांनी आला. कल्पना साधी आणि सुंदर होती. वकील लागणार नाही, कोर्ट फी लागणार नाही, आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, साध्या कागदावर तक्रार करता येईल. आयोगाला समन्स काढण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार मिळाले. पहिल्याच वर्षी, १४ डिसेंबर १९९३ रोजी, आयोगाने सर्व राज्यांना कळवलं, की कोठडीतल्या मृत्यूची खबर २४ तासांच्या आत आली पाहिजे. पुढे शवविच्छेदनाचं चित्रीकरण आलं. अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांना हुसकावून लावण्याचा प्रयत्न झाला तेव्हा आयोग स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९६ मध्ये त्यांच्या जीविताचं रक्षण मिळवून आला. आयोगाने काहीच केलं नाही, असं म्हणणाऱ्यांनी हा काळ जरूर वाचावा. संस्थेने मनावर घेतलं तर तोच तोकडा कायदा किती लांब पोचतो, हे त्या वर्षांनी दाखवलं आहे.

तरीही कायदा तोकडा आहे, आणि कुठे तोकडा आहे हे नवख्या वाचकाने नीट समजून घेतलं पाहिजे. चौकशीनंतर काय करायचं ते आयोगाच्या कायद्याचं कलम १८ सांगतं : आयोग भरपाईची, खटल्याची किंवा कारवाईची शिफारस करू शकतो, न्यायालयात जाऊ शकतो, अहवालाची प्रत तक्रारदाराला देऊ शकतो. प्रत देणंही ‘करू शकतो’च्या यादीत आहे, सक्तीचं नाही. सरकारने महिनाभरात अभिप्राय कळवायचा आणि शिफारस मान्य नसेल तर त्याची कारणं वार्षिक अहवालासोबत सभागृहापुढे ठेवायची. कलम १९ प्रमाणे सैन्यदलांविरुद्धच्या तक्रारीत आयोगाला केंद्र सरकारकडून अहवाल मागवून त्यावर शिफारस तेवढी करता येते. कलम ३६ प्रमाणे घटनेला वर्ष उलटलं की चौकशी करता येत नाही. हात मोडलेला मुलगा बरा होईपर्यंत, घाबरलेलं कुटुंब तोंड उघडेपर्यंत वर्ष सहज सरतं. कलम ३० प्रमाणे जिल्ह्यात सत्र न्यायालयालाच मानवी हक्क न्यायालय म्हणून नेमता येतं, पण तिथे कोणते गुन्हे आणि कोणत्या पद्धतीने चालवायचे हे कायद्याने सांगितलेलं नाही. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी त्या न्यायालयाची फक्त पाटी लागली.

आणि तपास कोण करतं? आयोगाच्या तपास शाखेत पोलीस दलातूनच अधिकारी प्रतिनियुक्तीवर येतात. आज ज्याची चौकशी करायची, उद्या परत त्याच्याच दलात जायचं. त्या अधिकाऱ्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका घ्यायची नाही. मी अत्यंत सचोटीने काम करणारे अधिकारी पाहिले आहेत. पण तक्रारदाराच्या नजरेने पाहा. ज्या वर्दीविरुद्ध तो बोलणार आहे, तीच वर्दी त्याचं म्हणणं लिहून घ्यायला समोर बसलेली आहे.

या उणिवांवर काय करावं, याबद्दल विचारांचे चार प्रवाह दिसतात. पहिला न्यायालयवाद्यांचा. हक्काची अंमलबजावणी फक्त न्यायालयच करू शकतं, तेव्हा आयोगावर वेळ दवडण्यापेक्षा उच्च न्यायालयात रिट दाखल करा, असं ते म्हणतात. त्यांच्या बाजूने निकालांची मोठी रांग उभी आहे. अडचण अंतराची आणि खर्चाची आहे. गडचिरोलीच्या माणसाला नागपूर गाठणंही सोपं नाही, आणि दर मोडलेल्या हातासाठी रिट होत नाही.

दुसरा प्रवाह समजावणीचा. आयोगाने सरकारशी भांडू नये, नैतिक वजनाने त्याला वळवावं, प्रशिक्षण द्यावं, धोरण सुचवावं. १९९१ मध्ये पॅरिसच्या बैठकीत ठरलेली आणि १९९३ मध्ये महासभेने स्वीकारलेली पॅरिस तत्त्वं बरीचशी याच वळणाची आहेत. त्यांत वैयक्तिक तक्रारी ऐकण्याचं काम शेवटच्या पुरवणीत, ऐच्छिक म्हणून येतं. आपल्या आयोगाकडे मात्र लोक पहिल्या दिवसापासून तक्रारीच घेऊन आले. सल्लागाराचा आराखडा आणि न्यायाधीशाची गर्दी, हा विजोडपणा संस्थेच्या घडणीतच आहे.

तिसरा प्रवाह बंधनकारकतेचा. शिफारशीला आदेशाचं बळ द्या, असं तो म्हणतो. न्यायमूर्ती अ. मु. अहमदी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कायद्यातल्या दुरुस्त्या सुचवल्या, त्यांतल्या महत्त्वाच्या बासनातच राहिल्या. मणिपूरमधल्या १,५२८ कथित बेकायदा हत्यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयापुढे खुद्द आयोगाची हतबलता मांडली गेली, दात नसलेल्या वाघाची उपमा तिथे आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मात्र वेगळी दिशा दाखवली : कलम १८ खालची शिफारस सरकारवर बंधनकारक आहे, नको असेल तर सरकारने न्यायालयात जाऊन आव्हान द्यावं, फाइल दाबून ठेवू नये. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने २०१६ मध्ये तिथल्या लोकपालासारख्या पदाबद्दल असाच निर्णय दिला आणि राष्ट्राध्यक्षांना सरकारी पैसा परत करायला लावला.

चौथा प्रवाह जनसुनावणीचा. नव्वदच्या दशकात राजस्थानच्या खेड्यांत मजूर किसान शक्ती संघटनेने चावडीवर हजेरीपट वाचून दाखवले आणि त्यातून माहिती अधिकाराची चळवळ उभी राहिली. तक्रारीचं उत्तर बंद लिफाफ्यातून न येता चारचौघांत, तक्रारदारासमोर यावं, हा तिचा गाभा. हा प्रवाह मला फार जवळचा वाटतो. आदेशाला बळ देणारी नजर शेवटी गावाचीच असते.

हे चार प्रवाह एकमेकांना छेद देतात तसे पूरकही आहेत. युरोपचा अनुभव इथे उपयोगी पडतो. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाचे निकाल बंधनकारक असतात, तरी ते आपोआप अंमलात येत नाहीत. म्हणून तिथे निकालांच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला सदस्य देशांच्या मंत्र्यांची समिती आहे आणि देशाने काय केलं याचा हिशेब तिच्यापुढे द्यावा लागतो. एकाच दोषातून शेकडो तक्रारी येऊ लागल्या तेव्हा २००४ पासून त्या न्यायालयाने पथदर्शी निकालाची पद्धत आणली : एक प्रकरण निवडायचं, मुळातला दोष दाखवायचा आणि देशाला तो दुरुस्त करायला लावायचं. आपल्याकडे एकाच तुरुंगातून, एकाच आश्रमशाळेतून, एकाच ठाण्यातून आलेल्या तक्रारी वेगवेगळ्या क्रमांकांनी वेगवेगळ्या टेबलांवर निकाली निघतात. त्यांची बेरीज कोणी करत नाही.

हा ग्रंथ आत्ता का, याची कारणं ताजी आहेत. १ जुलै २०२४ पासून देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले. सरकारी नोकरावर खटला भरण्याच्या परवानगीचा निर्णय आता १२० दिवसांत घ्यावा लागतो, नाहीतर परवानगी मिळाली असं धरलं जातं. वर्षानुवर्षं परवानगीअभावी पडून राहिलेली प्रकरणं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या ओळीची किंमत कळेल. ती वापरली जाते की नाही, यावर नजर ठेवायला हवी. ठाण्यांत सीसीटीव्ही बसवण्याचा आणि चित्रीकरण किमान वर्षभर जपण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश डिसेंबर २०२० चा आहे. मावशींच्या मुलाच्या वेळी असा पुरावा असता तर! परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला, आणि गुन्हा नोंदवण्यासाठी त्याच्या आईला औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावं लागलं. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. त्याला मान्यता देणं अजून बाकी आहे, आणि २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालेलं विधेयक पुढे सरकलं नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आयोगाच्या अध्यक्षांचा कार्यकाळ पाचावरून तीन वर्षांवर आला. २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं आंतरराष्ट्रीय समितीने आपल्या आयोगाची मानांकन-फेरतपासणी पुढे ढकलली. महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या आयोगांनी अध्यक्षाविना किंवा सदस्यांविना काळ काढला आहे. ती खुर्ची रिकामी राहते तेव्हा तक्रारी थांबत नाहीत, फक्त साचतात.

या संग्रहाचा खटाटोप काय आहे, ते थोडक्यात सांगते. इथले लेखक एका पंथाचे नाहीत. कोणी न्यायालयात उभं राहणारं आहे, कोणी तुरुंग प्रशासनात आयुष्य घालवलेलं, कोणी पाड्यावर राहून काम करणारं. आयोग बरखास्त करावा, असं त्यांच्यापैकी कोणीही म्हणत नाही. उलट हा आयोग आपला आहे, गरिबाला फीशिवाय जाता येईल असं दुसरं दार या देशात फार नाही, म्हणून ते नीट उघडलं पाहिजे, या आस्थेने हा ग्रंथ लिहिला गेला आहे. सगळ्यांनी मिळून तक्रारीचा प्रवास धरून ठेवला आहे : ती कोण लिहितं, कुठे नोंदवली जाते, कोण वाचतं, कोणाकडे जाते, कुठे अडते आणि शेवटी तक्रारदाराच्या हातात काय पडतं. कायद्याच्या पुस्तकांत कलमं वाचायला मिळतात, हा प्रवास मिळत नाही. मराठीत तर तो एकत्र कुठेच नव्हता.

लेखांमध्ये मतभेद आहेत आणि संपादकांनी ते मिटवले नाहीत, हे मला आवडलं. शिफारस बंधनकारक झाली तर आयोग सरकारला दुखावणारी शिफारस करायलाच कचरेल का? वर्षाची मुदत पूर्ण काढावी की योग्य कारणासाठी वाढवता यावी? तपासासाठी स्वतंत्र भरती करावी की प्रतिनियुक्तीवरच्या माणसाला परत मूळ दलात न पाठवण्याची अट घालावी? या प्रश्नांवर वाचकाने स्वतःचं मत बनवावं, इतकी सामग्री इथे आहे.

माझं मत मी लपवत नाही. भरपाईच्या आणि कारवाईच्या शिफारशी मद्रासच्या निकालाप्रमाणे देशभर बंधनकारक व्हाव्यात. ज्या कार्यालयाविरुद्ध तक्रार आहे त्या कार्यालयाकडे ती ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पाठवून निकाली काढणं कायद्याने बंद व्हावं. आयोगाने जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन सुनावणी घ्यावी. आणि ज्याच्यासाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही असं एक काम आयोगाने उद्यापासून करावं : फाइल बंद करण्याआधी समोरच्या बाजूचा अहवाल तक्रारदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवावा, त्याचं म्हणणं लिहून घ्यावं आणि ते फाइलमधलं शेवटचं पान असावं. आज शेवटचं पान हवालदाराने आणलेल्या जबाबाचं असतं.

मावशींचा तो अर्ज आम्ही पुन्हा दाखल केला. मुदत संपायला सतरा दिवस उरले होते. यावेळी त्याच दुकानात, त्याच संगणकावर, विषयाच्या ओळीतला एक शब्द मी काढून टाकला. खिडकीवरच्या कारकुनाने कागद वरपासून खालपर्यंत पाहिला, शिक्का मारला आणि पोच दिली. अडवलं कोणी नाही. इतकी वर्षं ज्या शब्दाची सक्ती आहे असं आम्ही धरून चाललो होतो, तो कोणी मागितलाच नव्हता. मावशींनी पोच घडी करून एक्स-रेच्या पाकिटात ठेवली आणि विचारलं, “आता किती दिवसांत?” हा ग्रंथ त्या प्रश्नाचं उत्तर शोधतो आहे.